निमित्ताचा धनी

जूनचा पहिला आठवडा हा आपल्याकडे वाट पाहण्याचा आठवडा. नांगरून पडलेल्या रानातली ढेकळे उन्हाने पांढरी पडलेली असतात, बियाण्यांच्या दुकानांपुढे गर्दी असते, घरोघरी नव्या वह्यांना कव्हरे चढत असतात आणि केरळात पोचलेला पाऊस कोकणात कधी उतरणार याची चौकशी चहाच्या टपरीपासून मंत्रालयापर्यंत सारख्याच उत्सुकतेने चालू असते. सहा तारखेला रायगडावर राज्याभिषेकाचा सोहळा होतो, तुताऱ्या वाजतात; एक दिवस उलटला की मृग लागतो. पंचांग काहीही म्हणो, आपले कामाचे वर्ष खरे तर इथूनच सुरू होते. याच सहा जूनला, १८७५ साली, जर्मनीच्या उत्तरेला, बाल्टिक समुद्राजवळच्या ल्यूबेक नावाच्या जुन्या व्यापारी शहरात थॉमस मानचा जन्म झाला. २०२५ मध्ये त्याची दीडशेवी जयंती झाली. ‘बुडेनब्रोक्स’ या त्याच्या पहिल्या कादंबरीमुळे ल्यूबेकमधले त्याच्या आजीआजोबांचे घर जगप्रसिद्ध झाले होते. १९४२ च्या मार्चमधल्या बॉम्बवर्षावातून त्या घराची दर्शनी भिंत आणि तळघर एवढेच वाचले. पुढे तिथे संग्रहालय झाले. पण दीडशेवे वर्ष उजाडले तेव्हा ते नूतनीकरणासाठी बंदच होते. जयंत्यांचे आणि दुरुस्त्यांचे वेळापत्रक कधी जुळत नाही, हा अनुभव फक्त आपलाच नाही, एवढे समाधान त्यातून घ्यायला हरकत नसावी.

आपण तिथी-तारखांनी जगणारी माणसे. पितरांसाठी पंधरवडा, गुरूसाठी पौर्णिमा, संतांसाठी वारी आणि लेखकांसाठी जयंती-पुण्यतिथी अशी आपल्या कृतज्ञतेची वाटणी पूर्वीच ठरून गेली आहे. तसबीर पुसली जाते, हार येतो, अध्यक्ष उशिरा येतात, प्रमुख पाहुणे आपण या विषयातले अधिकारी नाही असे सांगून पाऊण तास बोलतात. वर्तमानपत्रांच्या कचेरीतही एक यादी भिंतीवर असतेच. तिच्यातला दिवस आला की कुणीतरी चारशे शब्द लिहायला बसतो आणि ‘त्यांचे विचार आजही तितकेच मोलाचे’ या वाक्यापाशी सुखरूप पोचतो. निमित्ताने लिहिलेले ते दुय्यम, आतून आलेले तेच खरे, अशी आपली एक समजूत झालेली आहे, ती बरीचशी या लेखनामुळेच. थॉमस मानच्या जयंतीला ती समजूत थोडी तपासून पाहण्यासारखी आहे. कारण ज्या माणसाच्या कादंबऱ्यांनी जग दिपले, त्याच्या कथा आणि समीक्षा यांतले कितीतरी लेखन असल्याच तारखांनी त्याच्याकडून करवून घेतले.

कादंबऱ्यांबद्दल इथे फार बोलायला नको. ‘बुडेनब्रोक्स’ १९०१ ची, ‘द मॅजिक माउंटन’ या नावाने आपल्या वाचकांना ठाऊक असलेली १९२४ ची. १९२९ साली नोबेल मिळाले ते मुख्यतः पहिलीसाठी, असे मानपत्रातच म्हटलेले आहे. त्या डोंगरांच्या सावलीत तीसेक कथा आणि निबंधांचे जाडजूड खंड राहून गेले. ‘डेथ इन व्हेनिस’ तेवढी चित्रपटामुळे बाहेर आली. बाकीच्या कथांकडे वाचक कादंबरी संपल्यावर, उरल्यासुरल्या वेळात वळतो. आपल्याकडे हरि नारायण आपट्यांचे याहून वेगळे काय झाले? ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीने तिच्या नायिकेला, यमूला, घरोघरी नेले, पण दुष्काळाने उठवलेल्या माणसांची ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही गोष्ट पाठ्यपुस्तकांच्या आधाराने जगली आणि साहित्याकडे पाहण्याची हरिभाऊंची दृष्टी जिथे मोकळी झाली ते ‘विदग्ध वाङ्मय’ हे व्याख्यान आता अभ्यासक्रमापुरतेच उरले. मोठ्या झाडाखाली काही उगवत नाही म्हणतात. उगवते, पण तिथे वाकून पाहावे लागते.

मानच्या अशा लेखनाची सुरुवात पाहायची तर १९०५ चा मे महिना पाहावा. कवी आणि नाटककार शिलर याच्या मृत्यूला शंभर वर्षे होत होती आणि जर्मनीत गावोगावी समारंभांची धांदल उडाली होती. म्यूनिकचे ‘सिम्प्लिसिसिमुस’ हे व्यंगचित्रांचे खट्याळ साप्ताहिक; त्यात उमेदवारीच्या वयात मानने हस्तलिखिते वाचण्याचे काम केलेले. त्या साप्ताहिकाने शिलरवर खास अंक काढला आणि मानकडे मजकूर मागितला. आपल्या दिवाळी अंकांच्या संपादकांची पत्रे येतात तसलीच ही मागणी. मान तेव्हा तिशीला टेकला होता, फेब्रुवारीतच त्याचे लग्न झाले होते आणि एका नाटकाने त्याला बराच काळ रडवले होते. त्याने लेख लिहिला नाही, ‘श्वेरे श्टुंडे’ नावाची छोटीशी कथा लिहिली.

तिच्यात घडत काहीच नाही. डिसेंबरातली रात्र आहे. सर्दीने बेजार झालेला एक माणूस लिहिण्याच्या टेबलावरून उठतो आणि खोलीतल्या शेगडीपाशी जाऊन उभा राहतो. ती पुरेशी तापलेलीही नाही. नाटक अडले आहे. आराखडा चुकला का, विषयच चुकला का, आपली ताकद संपली का, असे एकेक प्रश्न तो स्वतःला विचारतो. तिकडे वायमारमध्ये राहणारा तो दुसरा, ज्याला सगळे हसतखेळत सुचते, त्याचा विचार मनातून जात नाही. त्यात प्रेम आहे आणि जळफळाटही आहे. शेजारच्या खोलीत बायको झोपली आहे. तो तिच्याजवळ जातो, क्षणभर थांबतो आणि पुन्हा टेबलाशी येऊन बसतो. नाटक ‘वालेनश्टाइन’ आहे, वायमारचा तो दुसरा म्हणजे गटे आहे (तोच, ज्याने शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचल्याचे आपण शाळेपासून ऐकत आलो), आणि सर्दी झालेला माणूस साक्षात शिलर आहे. पण शिलरचे किंवा गटेचे नाव कथेत एकदाही येत नाही. ज्या आठवड्यात ते नाव देशभरच्या कमानींवर झळकत होते त्याच आठवड्यात मानने ते कथेतून पुसून टाकले आणि मागे राहिलेला दमलेला माणूस वाचकापुढे उभा केला. पुतळ्याला सर्दी होत नसते. ज्याला ती होते त्याच्याशी आपले नाते जुळते, आणि ते जुळले की त्याचे मोठेपण वाढते, घटत नाही.

ही दृष्टी घरच्या माणसाची आहे, आणि मानची सगळी समीक्षा तिच्यातूनच निघाली. फोंटाने, टॉलस्टॉय, गटे, वाग्नर, शोपेनहावर, नीत्शे, डोस्टोयव्हस्की, चेखव अशी ती मोठी पंगत आहे. यांतल्या प्रत्येकाबद्दल लिहिताना तो न्यायाधीशाच्या खुर्चीत बसत नाही. ज्याचे आपण घेतले आहे त्याचा हिशेब चुकता करायला तो आलेला असतो. श्राद्धाला बसलेला मुलगा वडिलांचे दोष जाणत नाही असे थोडेच असते? तो ते जाणूनच पिंड ठेवतो. मानचा दोषही इथेच आहे. ज्याच्याविषयी लिहायचे त्याच्या चेहऱ्यावर त्याला स्वतःचाच चेहरा दिसू लागतो, आणि गटेवरच्या कित्येक पानांत बोलतो कोण, गटे की मान, हे कळेनासे होते. वाचक कंटाळतोही. तरी आरशासमोर उभे राहून का होईना, तो खरे बोलतो.

खरे बोलण्याची किंमत एका पुण्यतिथीने वसूल केली. १३ फेब्रुवारी १९३३ रोजी संगीतकार रिचर्ड वाग्नरच्या मृत्यूला पन्नास वर्षे होत होती. हिटलर जानेवारीच्या तीस तारखेला चॅन्सेलर झाला होता. दहा फेब्रुवारीच्या संध्याकाळी म्यूनिक विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात मानने वाग्नरवर व्याख्यान दिले. वाग्नरच्या संगीताने त्याला पोरवयापासून झपाटलेले होते, आणि ते झपाटलेपण प्रत्येक वाक्यात होते. पण त्याबरोबर आणखीही काही होते. वाग्नरच्या पुराणकथांमागच्या मनोव्यापाराची त्याने फ्रॉइडच्या शोधांशी सांगड घातली. या प्रचंड कलेच्या मुळाशी एका हौशी माणसाची अफाट इच्छाशक्ती आहे, असे त्याने म्हटले. ज्यांनी वाग्नरला राष्ट्रदैवत करून मिरवणुकीत पुढे धरले होते, त्यांच्या हातून त्याने तो काढून घेतला आणि एकोणिसाव्या शतकाच्या, युरोपच्या स्वाधीन केला. दुसऱ्या दिवशी, अकरा फेब्रुवारीला, हेच व्याख्यान ॲम्स्टरडॅम, ब्रुसेल्स आणि पॅरिस इथे द्यायला तो पत्नी काट्यासह निघाला. तो त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता. सामान थोड्या दिवसांच्या दौऱ्यापुरतेच होते.

एप्रिलमध्ये म्यूनिकच्या एका वृत्तपत्रात ‘रिचर्ड वाग्नर यांच्या म्यूनिक नगरी’चा निषेध छापून आला. या माणसाने परदेशात आमच्या थोर पुरुषाची बदनामी केली, असा त्याचा सूर. खाली चाळीसहून अधिक प्रतिष्ठितांच्या सह्या, आणि त्यांत रिचर्ड श्ट्राउस, हान्स फिट्सनर, हान्स क्नापर्ट्सबुश अशी संगीतातली नामवंत मंडळी. म्यूनिकचे घर जप्त झाले, १९३६ च्या डिसेंबरात नागरिकत्व काढून घेतले गेले, बॉन विद्यापीठाने आपली मानद पदवी मागे घेतली. जर्मनीत मानचे पाऊल पुन्हा पडले ते सोळा वर्षांनी, १९४९ साली, गटेच्या द्विशताब्दीला. पुण्यतिथीला गेलेला माणूस जयंतीला परतला.

भावना दुखावल्याच्या पत्रकांची आपल्याला सवय आहे, म्हणून एक गोष्ट नजरेतून सुटू नये. सह्या करणारे सगळे गुंड नव्हते. त्यांतल्या अनेकांना वाग्नर मानइतकाच, कदाचित संगीताच्या अंगाने जास्तच, समजत होता. त्यांना निंदा सोसली असती. भक्ताने डोळे उघडे ठेवून केलेली पूजा मात्र त्यांना सोसेना.

मानला तरी हे धैर्य जन्मतः लाभले होते काय? मुळीच नाही. १९१४ साली युद्धाचे नगारे वाजू लागले तेव्हा त्यात सूर मिसळणाऱ्यांत तो होता, आणि १९१८ साली लोकशाहीविरुद्ध त्याने एक अख्खा ग्रंथ खर्ची घातला. ती भूमिका त्याने सोडली तीही वाढदिवसाच्याच निमित्ताने. १९२२ च्या ऑक्टोबरात बर्लिनमध्ये नाटककार गेर्हार्ट हाउप्टमान याच्या साठीनिमित्त बोलायला तो उभा राहिला आणि सत्कारमूर्तीला नमस्कार करून तरुण श्रोत्यांना म्हणू लागला, की हे प्रजासत्ताक आता तुमचे आहे, त्याला आपले म्हणा. विद्यार्थ्यांनी जमिनीवर पाय घासून नापसंती दाखवली. (त्याच हाउप्टमानला दोन वर्षांनी त्याने कादंबरीत बडबड्या पेपरकोर्न करून सोडला. सत्काराचे भाषण ही आयुष्यभराची बांधिलकी नसते.)

या उलथापालथीची घरगुती बाजू पाहायची तर त्याच्या पन्नाशीच्या महिन्यात, जून १९२५ मध्ये आलेली ‘अव्यवस्था आणि पहिलेवहिले दुःख’ अशा अर्थाच्या नावाची दीर्घकथा वाचावी. चलन कोसळले आहे, एक अंडे सहा हजार मार्कांना पडते, आणि दुकानदार आठवड्याला घरटी पाचच अंडी देतो. म्हणून प्राध्यापक कॉर्नेलियसच्या घरातली तरुण मंडळी एकेक करून, वेगवेगळी खोटी नावे सांगून दुकानात शिरतात आणि घरासाठी हवी तितकी अंडी जमवतात. रेशनच्या रांगेत उभा राहिलेला आपल्यातला कोण या प्रसंगाला परका मानेल? पण कथेचा गाभा प्राध्यापकाच्या मनात आहे. तो इतिहास शिकवतो आणि इतिहासावर त्याचे प्रेम आहे, कारण झालेले होऊन गेले आहे. ते आता उलटून बोलणार नाही, अंगावर येणार नाही. बाहेर घडत असलेल्या इतिहासाचा मात्र त्याला तिटकारा. भूतकाळावरच्या अशा मायेत मृत्यूची ओढ मिसळलेली असते, हे त्याला स्वतःलाच अंधुक जाणवते. आणि पाच वर्षांची लाडकी लोर्शन एका पाहुण्या तरुणासाठी हुंदके देऊ लागते तेव्हा त्याच्या सुरक्षित प्रेमाला तडा जातो. जयंत्या साजऱ्या करणाऱ्या प्रत्येक समाजाने ही कथा वर्षातून एकदा वाचायला हवी. मेलेल्या थोरांवर आपण इतके प्रेम करतो ते त्यांच्या थोरवीमुळे, की ते आता काही विचारत नाहीत म्हणून?

तारखेशी काही देणेघेणे नसलेली, आणि तरीही काळाशी सर्वांत जास्त भिडलेली कथा म्हणजे ‘मारिओ आणि जादूगार’. १९२९ च्या उन्हाळ्यात बाल्टिक किनाऱ्यावर सुट्टीला जाताना बायबलमधल्या जोसेफच्या कादंबरीचे बाड आणि संदर्भग्रंथ बरोबर नेणे जमण्यासारखे नव्हते. हात रिकामे राहवत नाहीत म्हणून समुद्राकडे तोंड केलेल्या वेताच्या आसनात बसून त्याने ही इटलीतल्या सुट्टीची आठवण लिहायला घेतली. चिपोला नावाचा कुबडा संमोहनकार हातात चाबूक घेऊन अख्ख्या सभागृहाला नाचवतो. एक रोमचा गृहस्थ ठरवतो, मी नाचणार नाही. तो बराच वेळ टिकाव धरतो, अंगाला झटके बसतात, आणि अखेर तोही नाचू लागतो. का, याचे निवेदकाने दिलेले कारण फॅसिझमवरच्या पुष्कळ ग्रंथांपेक्षा जास्त सांगून जाते : ‘नको’ एवढ्यावर माणसाचे मन फार काळ उभे राहू शकत नाही. काय हवे आहे, हे त्या गृहस्थाला ठाऊक नव्हते. काय नको, एवढेच ठाऊक होते. मुसोलिनीच्या इटलीबद्दल म्हणून वाचली गेलेली ही कथा १९३० मध्ये प्रसिद्ध झाली. तीन वर्षांनी तिच्या लेखकाचा देशच त्या सभागृहात जाऊन बसला.

वनवासातल्या १९४० साली मानने आपल्या दारात येऊन एक गोष्ट उचलली. ‘चांदोबा’ वाचत मोठी झालेली आपली पिढी ती झोपेतही सांगेल : दोन मित्र, एक स्त्री, देवीचे देऊळ, तुटलेली दोन डोकी आणि घाईत झालेली अदलाबदल, मग वेताळाचा प्रश्न, की नवरा कोणता? विक्रमाने डोक्याच्या बाजूने निकाल दिला आणि वेताळ झाडावर परत गेला. मानला ती भारतविद्येचे अभ्यासक हाइनरिश त्सिमर यांच्याकडून मिळाली. नाझींनी हायडेलबर्ग विद्यापीठातून काढलेले हे विद्वान. त्यांनाच त्याने ती कथा, उसनी घेतलेली वस्तू आभार मानून परत करावी तशी, अर्पण केली. पण परत करताना त्याने तिला वेताळाच्या पुढे नेले होते. त्याच्या श्रीदमनाचे आणि नंदाचे प्रकरण निकालाने मिटत नाही. हळूहळू प्रत्येक डोके आपल्या नव्या धडाला आपल्यासारखे करून घेते, धडे डोक्यांना बदलतात, आणि सीतेची तहान होती तिथेच राहते. तत्त्वज्ञानातली एक थट्टा, असे तो स्वतः या कथेला म्हणे. भारत त्याने कधी पाहिला नव्हता आणि ते जागोजागी जाणवते. त्याच्या उत्तम कथांत हिची गणना करणे कठीण आहे. पण हिचे भाग्य मोठे. गिरीश कार्नाडांनी हिच्यावरून ‘हयवदन’ रचले, चिं. त्र्यं. खानोलकरांनी ते मराठीत आणले, विजया मेहतांनी ते रंगभूमीवर उभे केले. आणि याच विजयाबाईंनी पुढे वायमारच्या राष्ट्रीय नाट्यगृहासाठी ते जर्मन भाषेत बसवले. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात सांगितलेली गोष्ट इतका फेरा घेऊन गटे-शिलरच्या गावी पोचली, आणि तिथवर नेणारी शेवटची माणसे आपली होती.

त्याच वायमारच्या नाट्यगृहात १९५५ च्या मे महिन्यात मान उभा होता. शिलरच्या मृत्यूला आता दीडशे वर्षे होत होती. आदल्या वर्षी चेखवच्या पन्नासाव्या पुण्यतिथीला त्याने एक निबंध लिहिला होता आणि त्यात, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, मोकळेपणाने मान्य केले होते की टॉलस्टॉय-बाल्झाकांच्या अजस्र ग्रंथांच्या मोहात आपण छोट्या कथेला कमी लेखत आलो. थोडक्या पानांत जीवन सबंध मावू शकते हे पाहायला चेखव लागला. चेखवची त्याची सर्वांत लाडकी कथा म्हणजे ‘एक कंटाळवाणी गोष्ट’. तीत मरणपंथाला लागलेल्या कीर्तिवंत प्राध्यापकाला एक मुलगी कळवळून विचारते, मी काय करू, आणि त्याला प्रामाणिकपणे एवढेच सांगता येते की मला माहीत नाही. उत्तर ठाऊक नसतानाही काम करीत राहायचे, गोष्टी सांगत राहायच्या, हे चेखवचे व्रत त्या म्हाताऱ्या कादंबरीकाराने आपले म्हणून घेतले.

शिलरचा निबंध मात्र आवरेना. तासाभराच्या भाषणासाठी बसलेला हा गृहस्थ पुस्तकाएवढा मजकूर लिहून मोकळा झाला, आणि मुलगी एरिका हिने त्यावर निर्दयपणे कात्री चालवली म्हणून सभा वेळेत संपली. आठ मेला श्टुटगार्टमध्ये, चौदा मेला वायमारमध्ये. देश दोन झाले होते, त्यांची सरकारे एकमेकांकडे पाहायला तयार नव्हती, आणि दोन्हीकडच्या हितचिंतकांनी तिकडे जाऊ नका म्हणून बजावले असते तरी नवल नव्हते. मानने दोन्हीकडे तेच भाषण वाचले. बारा ऑगस्टला झुरिकमध्ये त्याचे निधन झाले. पन्नास वर्षांपूर्वी सर्दी झालेल्या शिलरला त्याने रात्रभर जागवले होते. या खेपेला त्याने त्याचे नाव शेकडो वेळा घेतले.

पाऊस स्थिरावला की आपल्याकडे दिवाळी अंकांची जुळवाजुळव सुरू होईल. कुणाची तरी जन्मशताब्दी यंदाही असेलच आणि संपादकांच्या पत्रांत ‘आपल्या सवडीने, आठवणीवजा’ अशी नेहमीची विनंती असेल. एखाद्या संपादकाने या वेळी ती जरा बदलून पाहावी. शिष्याकडून आठवण मागण्याऐवजी, त्या लेखकाशी मनातल्या मनात वर्षानुवर्षे भांडत आलेला कुणी शोधून त्याच्याकडून एक कथा मागावी, आणि मुदत नेहमीपेक्षा महिनाभर जास्त द्यावी.